सावळे पात्र, गोरा नट

जुने ब्रिटिश विनोदी चित्रपट मी आजही आवडीने बघतो. ईलिंग स्टुडिओचे, 'कॅरी ऑन' मालिकेतले, पीटर सेलर्सचे तर विशेषच. पण बघताना एक गोष्ट खटकते. त्यांत भारतीय पात्रे सहज सापडतात, भारतीय नट मात्र शोधावे लागतात.

१९६० चा 'द मिलिअनेअरेस' घ्या. बर्नार्ड शॉच्या नाटकावरचा. नाटकातला इजिप्शियन डॉक्टर पडद्यावर भारतीय झाला आणि ती भूमिका केली सेलर्सने, तोंडाला रंग लावून, आपल्या बोलण्यातला हेल अचूक उचलून. महायुद्धाच्या काळात हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर तो हिंदुस्थानात येऊन गेला होता. त्याचा कान तयार होता. गंमत म्हणजे, चित्रपटातला सर्वांत सज्जन माणूस हा डॉक्टरच आहे. तो गरिबांवर उपचार करतो, पैशाला भुलत नाही. लेखकाने त्याची टिंगल केलेली नाही.

पण लोकांच्या लक्षात राहिला तो हेल. चित्रपटाच्या प्रचारासाठी सेलर्स आणि सोफिया लॉरेन यांनी 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. भारतातून गेलेले खरेखुरे डॉक्टर त्या वेळी तिथल्या सरकारी रुग्णालयांत राबत होते. त्यांच्या मुलांना शाळेत चिडवायला हे तीन शब्द पुरेसे होत.

१९६८ चा 'कॅरी ऑन अप द खैबर' अधिक अवघड. वेल्समधल्या डोंगरांत खैबरखिंड उभी केली. केनेथ विल्यम्स 'कलाबारचा खासी' झाला. 'खासी' हा तिथल्या बोलीतला शौचकूपासाठीचा शब्द. म्हणजे राजाच्या नावातच विनोद. त्याच वर्षी एनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले होते. आणि तरीही शेवटचा मेजवानीचा प्रसंग बघा. बाहेर तोफा धडाडताहेत, छताचा गिलावा ताटांत पडतोय आणि साहेब मंडळी शांतपणे जेवताहेत. साम्राज्याची एवढी नेमकी खिल्ली मी क्वचितच पाहिली आहे. मी अजूनही खो खो हसतो. प्रश्न विनोदाचा नाहीच. त्यात इंग्रज स्वतःवर हसतो तेव्हा तो स्वतःच पडद्यावर असतो. आपल्यावर हसतो तेव्हाही पडद्यावर तोच असतो!

'त्या काळी तसेच चालायचे' असे यावर म्हटले जाते. खरे आहे. पण नट नव्हतेच असे नाही. जोहरा सेहगल १९६२ मध्येच लंडनला गेल्या होत्या. गुरिंदर चढ्ढाचा 'भाजी ऑन द बीच' १९९३ मध्ये आला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्या चित्रपटात आपल्या बायका ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला जातात, भांडतात, हसतात, चुका करतात. कुणी कुणाचा हेल काढत नाही.

त्याची लेखिका मीरा स्याल. पुढे तिने, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली निना वाडिया यांच्यासह बीबीसीवर विनोदी मालिका केली. नाव ठेवले 'गुडनेस ग्रेशस मी'. चिडवण्याचे तेच तीन शब्द! तिच्यातल्या एका प्रसंगात मुंबईची काही टारगट मंडळी रात्री इंग्रजी हॉटेलात जेवायला जातात, वेटरचे नाव मुद्दाम चुकीचे उच्चारतात आणि विचारतात, तुमच्याकडे सगळ्यांत मिळमिळीत काय आहे?