पाहणीसाठी शेत कोणाचे निवडावे?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



धान्य घ्यायला आलेला व्यापारी पोत्याच्या तोंडचे चार दाणे पाहून भाव ठरवत नाही. तो पोत्याच्या पोटातूनही मूठभर धान्य काढतो. तालुक्यातील पिकाचे उत्पादन काढतानाही हेच करावे लागते. सर्व शेते कापून मोजणे शक्य नसते, म्हणून थोड्या शेतांवरून अंदाज बांधतात. ही शेते कशी निवडली, यावर तो अंदाज खरा की खोटा हे ठरते.

निवडीच्या मुख्य पद्धती अशा :

१) सोयीची निवड : रस्त्याकडेची किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची शेते घेणे. काम लवकर होते, पण आडरानातील जमीन मोजणीतून सुटते.

२) सहेतुक निवड : प्रात्यक्षिकासाठी हौशी, प्रगतिशील शेतकरी निवडतात. तिथे ते योग्यच आहे. मात्र त्याचे उत्पादन गावाची सरासरी नव्हे.

३) यादृच्छिक निवड : सर्व गट नंबरांच्या चिठ्ठ्या टाकून काही उचलणे. प्रत्येक शेताला सारखीच संधी मिळते.

४) स्तरित निवड : जिरायत व बागायत असे भाग पाडून प्रत्येकातून चिठ्ठ्या काढणे. समजा, गावात ८० हेक्टर जिरायत व २० हेक्टर बागायत आहे. जिरायतीत हेक्टरी १० क्विंटल व बागायतीत २० क्विंटल उतारा आला. दोन्हींना सारखे धरले तर सरासरी १५ येते, क्षेत्राच्या प्रमाणात धरली तर १२. खरी सरासरी १२ हीच.

पूर्वी उत्पादनाचा अंदाज नजरेने, आणेवारीने काढत. १९४० नंतरच्या दशकात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. पानसे यांनी यादृच्छिक निवडीवर आधारलेले पीक कापणी प्रयोग आपल्या देशात रुजविले. या प्रयोगात गाव, गट नंबर आणि शेतातील प्लॉटची जागाही यादृच्छिक आकड्यांनी ठरते. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावले मोजून प्लॉट आखतात. प्लॉट ५ मीटर × ५ मीटर असेल तर तो हेक्टरचा ४०० वा भाग होतो. म्हणजे वजनात १ किलोची चूक झाली, तर हेक्टरी ४ क्विंटलचा फरक पडतो.

आता याचा आपल्या खिशाशी संबंध पाहू. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा जितके टक्के कमी, तितके टक्के विमा संरक्षित रकमेची भरपाई मिळते. समजा, उंबरठा १२ क्विंटल आहे आणि चार प्लॉटचे उत्पादन हेक्टरी ८, ९, ९ व १० क्विंटल आले. सरासरी ९, म्हणजे घट २५ टक्के. आता ८ क्विंटलवाल्याने, "माझे पीक काय बघता, शेजारचे चांगले आहे ते कापा," असे म्हटले आणि १४ क्विंटलचे शेत कापले गेले, तर सरासरी १०.५ होते आणि घट १२.५ टक्क्यांवर येते. एका शेताच्या अदलाबदलीने साऱ्या विमाधारकांची भरपाई निम्मी झाली!

उलट, मुद्दाम वाईट शेत दाखविणेही परवडत नाही. उंबरठा उत्पादन मागील ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीवरून ठरते. वारंवार कमी आकडे गेले, तर उंबरठाच खाली येतो आणि पुढे खरे नुकसान होऊनही भरपाई मिळत नाही.

म्हणून तुमचा गट नंबर निघाला तर पीक कसेही असो, तेच शेत कापू द्या. प्रयोगाच्या दिवशी हजर राहा. कोपरा कोणता धरला, टेप नीट लावली का, वजन समोर झाले का, हे पाहा आणि नोंद वाचूनच सही करा. तुमच्या शेताचा आकडा साऱ्या गावाच्या नावे लागणार आहे.