वावटळ, चक्रीवादळ आणि टोर्नॅडो

हे तीन शब्द आपण सरमिसळ करून वापरतो. वावटळ तापलेल्या भुईवरून उठते; चक्रीवादळ समुद्रावर जन्मते आणि शेकडो किलोमीटर पसरते. टोर्नॅडो हा गडगडाटी मेघातून भूमीला टेकणारा वायूचा भोवरा. उंचीगणिक वाऱ्याचा वेग व दिशा बदलली की हवेला आडवा पीळ पडतो. मेघातील ऊर्ध्वगामी प्रवाह तो उभा करतो. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील साटुरिया परिसरात अशा भोवऱ्याने सुमारे १,३०० बळी घेतले. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते. टोर्नॅडोची, रडारने मेघातील भ्रमण टिपले तरी, बहुधा काही मिनिटेच आधी. म्हणूनच शब्द नेमका हवा. निवारा गाठायला किती अवधी उरला आहे, हे त्या एका शब्दावरून ठरते.