शहरांची वाढ आणि वाळवंटातील मातीची धूप



जेथे मुळातच वाळू आहे तेथे मातीच्या धुपेची चिंता कशाला, असा प्रश्न आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आला असेल. वाळवंट म्हणजे वाळूचे निर्जीव ढीग, या समजुतीतून हा प्रश्न उद्भवतो. राजस्थानातील थरचे वाळवंट हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. तेथे बाजरी, मूग व मटकी पिकते आणि मोठे पशुधन पोसले जाते. हा सारा संसार मातीच्या एका पातळ थरावर उभा आहे. म्हणूनच तेथील धूप हा माणसांच्या चरितार्थाचा प्रश्न ठरतो.

खपली मोडली की काय होते?

अविचल असलेल्या वाळवंटी जमिनीच्या पृष्ठभागावर शेवाळ, बुरशी व सूक्ष्मजीव यांनी कणाकणाला बांधून धरलेली एक नाजूक खपली असते. कोठे बारीक खड्यांचा थर हेच काम करतो, तर कोठे सेवण गवताची व फोगाच्या झुडपांची मुळे. हे कवच मालमोटारींच्या चाकांखाली एका दिवसात मोडते. ते पुन्हा जमण्यास मात्र कित्येक वर्षे, प्रसंगी दशके लागतात. कवच मोडले की वाऱ्याने वाळूचे कण उड्या घेत पुढे सरकतात, शेजारच्या जमिनीवर आदळून तेथील कणही सुटे करतात, आणि मातीतील सर्वांत सुपीक असा बारीक अंश धुळीच्या रूपाने दूर निघून जातो.

जोधपूरचे उदाहरण

जोधपूर शहराची स्थापना १४५९ साली झाली. वर्षाकाठी सुमारे ३६ सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावाने आपले पाणी मोठ्या कौशल्याने राखले. सभोवारच्या खडकाळ पठारावरील पाणी कालव्यांनी बालसमंद, कायलाना, गुलाबसागर अशा तलावांत आणले जाई. ज्या भूमीवरून पाणी यावयाचे ती मोकळी व अभंग राखणे हा या व्यवस्थेचा पाया होता. पुढे शहर वाढले. १९५१ च्या जनगणनेत दोन लाखांहून कमी असलेली लोकसंख्या २०११ मध्ये दहा लाखांपलीकडे गेली. दगडाच्या खाणी व नव्या वसाहती यांनी त्या पाणलोटाचे लचके तोडले आणि अनेक कालवे निकामी झाले.

शहराच्या वाढीमुळे होणारी धूप तीन ठिकाणी दिसते. पहिले ठिकाण म्हणजे शहराची सीमा. अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञ गॉर्डन वुलमन यांनी १९६७ मध्ये मेरीलँडच्या निरीक्षणांवरून दाखवून दिले, की शेतजमिनीचे शहर होत असताना बांधकामाच्या काळात मातीची धूप अतोनात वाढते आणि रस्ते व इमारती पूर्ण झाल्यावर ती घटते. तो प्रदेश पावसाचा होता. वाळवंटात हा मधला काळ लांबतो. कारण भूखंड पाडून मोकळ्या सोडलेल्या जमिनीवर गवत परत येण्याइतका पाऊसच नसतो.

दुसरे ठिकाण म्हणजे ओढे व नाले. फरशी व डांबर यांत पाणी मुरत नाही. वाळवंटातील पाऊस थोडा, पण कोसळतो तेव्हा कमी वेळात कोसळतो. २००६ च्या ऑगस्टमधील बाडमेर जिल्ह्याच्या महापुराने हे सर्वांना दाखवून दिले. शहरातून वेगाने निघालेले पाणी खालच्या बाजूचे काठ खचविते व शेतांत घळी पाडते.

तिसरे ठिकाण शहरापासून दूर असते, म्हणून ते नजरेत येत नाही. शहराला विटांसाठी माती लागते, बांधकामासाठी नदीपात्रातील वाळू लागते, आणि सरपण व कोळशासाठी फोगाची झुडपे मुळांसकट उपटली जात आली आहेत. झुडूप गेले की टेकडी चालू लागते, आणि ज्या गावाने शहराचा लाभ पाहिलाही नाही त्याच्या शेतावर वाळू येऊन बसते.

उपाय कोठे करावयाचा?

वाळू थोपविता येते, हे जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने सिद्ध केले आहे. १९५२ मध्ये वनीकरण केंद्र म्हणून सुरू झालेल्या व १९५९ मध्ये आजचे स्वरूप लाभलेल्या या संस्थेने टेकड्यांवर काटक्यांचे आडवे बांध घालून त्यांच्या आश्रयाने झाडे व गवत लावण्याची पद्धत रूढ केली. परंतु सुटलेली वाळू बांधण्यापेक्षा बांधलेली माती न सोडणे केव्हाही स्वस्त. त्यासाठी वसाहतीला परवानगी देतानाच काही अटी घातल्या पाहिजेत. जेवढे बांधकाम तेवढीच जमीन उघडी करावी. वाऱ्याच्या दिशेला झुडपांचा पट्टा राखावा. नैसर्गिक नाला बुजवू नये. पावसाचे पाणी जागीच जिरवावे.

राजस्थानातील खेड्यांनी देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ व गुरांसाठी सोडलेली ‘गोचर’ जमीन ही मातीची जुनी ढाल आहे. आपल्याकडील देवराई व गायरान यांचीच ही भावंडे होत. अशी जमीन कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली, की प्रकल्पासाठी प्रथम तिच्याकडेच बोट दाखविले जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान शासनास ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना संरक्षण देण्याविषयी निर्देश दिले, ही म्हणूनच महत्त्वाची घटना आहे.

महाराष्ट्रात वाळवंट नाही. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांतही पाऊस बेभरवशाचा आणि अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ आहे. तेथे बिनशेती परवान्याचा कागद समोर येईल तेव्हा तलाठी, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी केवळ सातबाऱ्यावरील क्षेत्र पाहून थांबू नये. या जमिनीवरचे पाणी कोठे जाईल आणि तिची माती कोणाच्या शेतात जाऊन पडेल, एवढे दोन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. शहर वाढणारच, त्या वाढीची किंमत शेजारच्या खेड्याने आपल्या मातीने चुकती करावी, हे मात्र न्यायाचे नाही.