नंबर एकवर असताना कोचला नारळ!

(पॉडकास्टचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.)

तीर्थपुरीहून बोलतोय. मागे ट्रॅक्टरचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. उसाचे दिवस आहेत, रस्त्यावरून ट्रॉल्या चालल्यात, आणि मी काही त्यांना थांबवू शकत नाही.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. हंगाम अर्ध्यावर आहे, टीम हरतेय, आणि एके दिवशी क्लबची पोस्ट येते की कोचला नारळ दिला. फोटो काळा-पांढरा, खाली 'धन्यवाद, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा'. कमेंटमध्ये निम्मे लोक नाचतायत, निम्मे रडतायत. युरोपच्या फुटबॉलमध्ये हे दर हंगामात होतं. पण मला आज आपल्या जवळचा किस्सा सांगायचाय, कारण त्यात टीम हरत नव्हती. टीम टेबलात एक नंबरवर होती. तरी कोचला काढलं.

गोष्ट आहे एफसी गोवाची, जानेवारी २०२० च्या शेवटची. कोच होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा.

आधी थोडं मागचं सांगतो. लोबेरा गोव्यात आले २०१७ मध्ये. त्यांच्या हाताखाली गोवा जे खेळायला लागलं, ते आयएसएलमध्ये आधी फारसं दिसलं नव्हतं. गोलकीपरपासून पास सुरू, लांब बॉल मारून पळायचं नाही. स्ट्रायकर कोरोमिनास, सगळे 'कोरो' म्हणायचे, त्याने लागोपाठ दोन हंगाम सगळ्यात जास्त गोल केले, आधी १८ आणि मग १६. मार्च २०१९ मध्ये टीम फायनलला पोचली, मुंबईत बंगळुरूकडून एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने हरली. पुढच्याच महिन्यात सुपर कप जिंकला. आणि २०१९-२० च्या हंगामात, १५ मॅच झाल्यावर, ३० पॉइंट्स घेऊन टीम वर बसलेली. लीगच्या फक्त तीन मॅच उरलेल्या.

आणि तेव्हा नारळ.

माझा मावसभाऊ तेव्हा मडगावला कामाला होता. आपल्याकडची किती पोरं पुण्याला, संभाजीनगरला जातात, हा तिकडे गेला. पहिले सहा महिने त्याला तिथे कोणी ओळखीचं नव्हतं. मग कंपनीतल्या एकाने त्याला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर नेलं. दादा सांगायचा, "अरे, तिथं मला कोणी विचारलं नाही तू कुठला. गोल झाला की शेजारचा मिठीच मारतो." त्या दिवसापासून हा माणूस गोव्याचा फॅन. त्याच्यामुळे मीपण मोबाईलवर बघायला लागलो.

ती बातमी आली त्या रात्री दादाचा फोन आला. मी म्हटलं, काय झालं, आवाज असा का? तर म्हणाला, "कोचला काढलं रे." मला आधी वाटलं घरात काही झालं.

मी म्हटलं, "दादा, तो माणूस तुला ओळखत तरी होता का?"

तो म्हणाला, "तो नाही ओळखत. पण दर आठवड्याला मी त्याच्या भरवशावर दोन तास सगळं विसरत होतो ना."

यावर मी काय बोलणार?

आता फॅन लोकांचं काय झालं ते बघा. अशा वेळी तीन प्रकारची माणसं दिसतात. पहिला म्हणतो, मालकाला अक्कल नाही, मी आता मॅच बघणार नाही. दुसरा म्हणतो, आत काहीतरी बिनसलं असणार, उगीच कोणी काढत नाही. तिसरा म्हणतो, कोच येतात, कोच जातात, आपण क्लबचे. गंमत म्हणजे एकच माणूस एका रात्रीत या तिन्ही पायऱ्या चढतो-उतरतो. दादा रात्री दहाला पहिला होता, सकाळी तिसरा.

बरं, पुढे काय झालं? टीमची सूत्रं दिली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. गोव्याचाच माणूस, डेम्पोकडून आणि भारताकडून खेळलेला. आणि त्या उरलेल्या तीन मॅच? हैदराबादला ४-१. मुंबईला ५-२. जमशेदपूरला ५-०. तीन मॅचमध्ये १४ गोल! १९ फेब्रुवारीला गोव्याने लीग शील्ड जिंकली, आणि त्याबरोबर आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

मग ग्रुपवर सुरू. "बघा, काढलं तेच बरोबर होतं!"

थांबा, राव. इथेच मला आपल्याकडचं उदाहरण द्यावंसं वाटतं. ऊसतोडीची टोळी बघितलीय ना? मुकादम दिवाळीच्या आधीपासून माणसं जमवतो, उचल देतो, कोणता कोयता कोणाबरोबर चालेल हे त्याला माहीत असतं. समजा माघ महिन्यात कारखान्याने मुकादम बदलला. पुढचे पंधरा दिवस तोड झकास होईल, कारण टोळी तीच आहे, हात बसलेले आहेत. त्या पंधरा दिवसांचं श्रेय नव्या मुकादमाला किती आणि जुन्याला किती? मिरांडांनी ड्रेसिंग रूम फुटू दिली नाही, ते काम लहान नाही. पण ते १४ गोल करायला पोरांना शिकवलं कोणी, तेही विसरून चालणार नाही.

मग आली सेमीफायनल. चेन्नईत पहिली मॅच गोवा ४-१ ने हरलं. दुसरी फातोर्ड्यात ४-२ ने जिंकलं, पण दोन्ही मिळून ६-५ ने चेन्नईयिन पुढे गेली. आणि फायनल कुठे होती? फातोर्ड्यातच! करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, १४ मार्चला, दोन बाहेरच्या टीम खेळल्या.

लगेच ग्रुपवर उलटं सुरू. "बघा, कोच असता तर असं झालं असतं का?"

म्हणजे बघा, तीन मॅच जिंकल्या की निर्णय बरोबर, एक हरली की चूक. निकालावरून निर्णय मोजायची ही सवय आपल्या सगळ्यांना आहे. मलापण. पण पाऊस पडला म्हणून पेरणीचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही, आणि पाऊस रुसला म्हणून पेरणारा मूर्ख ठरत नाही. निर्णय घेताना हातात काय होतं, ते बघावं लागतं.

खरी कलाटणी पुढे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई सिटीमध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पुढच्या हंगामासाठी मुंबईने कोच आणला. ओळखा कोण? लोबेरा! आणि मुकादम दुसऱ्या कारखान्याला गेला की टोळीचं काय होतं? अहमद जाहूह, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू, आपला मंदार राव देसाई, सगळे मुंबईत.

तो २०२०-२१ चा हंगाम करोनामुळे अख्खा गोव्यात खेळला गेला, प्रेक्षकांशिवाय. दादा सांगतो, स्टेडियमचे दिवे घरून दिसायचे, पण आत जायची सोय नाही. सेमीफायनलला मुंबई विरुद्ध गोवा. पहिली मॅच २-२, दुसरी ०-०, मग पेनल्टी. मुंबई ६-५ ने जिंकली. फायनलपण मुंबईने घेतली, मोहन बागानला २-१, बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाला गोल. एकाच हंगामात शील्ड आणि कप दोन्ही जिंकणारी मुंबई पहिलीच टीम. आणि फायनल झाली ज्या फातोर्ड्यातून त्यांना काढलं, तिथेच.

त्या रात्री दादाला मी मुद्दाम फोन केला. विचारलं, "आता मुंबईचा फॅन होणार का?" तर शिव्याच दिल्या. म्हणाला, "मला तो माणूस आवडतो. पण मी उभा राहतो ती जागा फातोर्ड्यात आहे."

आता थोडं बाजूला जाऊन, कोच बदलला की टीम सुधारते का? लीस्टरचं उदाहरण सगळ्यांना माहितीय. क्लाउदिओ रानिएरी, २०१६ मध्ये इंग्लंडचं विजेतेपद, आणि नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ ला नारळ. जगभर हळहळ. पण नवा माणूस, क्रेग शेक्सपिअर, त्याने लीगच्या पहिल्या पाच मॅच जिंकल्या! मग जादू झाली का?

साधा हिशेब करा. कोचला कधी काढतात? टीम सगळ्यात वाईट अवस्थेत असताना. तळाला गेलेली गोष्ट बहुतेक वेळा थोडी तरी वर येतेच, कोच बदला नाहीतर नका बदलू. ताप १०३ ला गेल्यावर अंगारा लावला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय अंगाऱ्याला. कधी खरंच औषध लागू पडलेलं असतं, मी नाही म्हणत नाही. पण पहिल्या दोन-तीन मॅचवरून ते कळत नाही, एवढंच.

आणि कधी ताप उतरतो, पण पेशंटच राहत नाही. हे मला माझ्या पहिल्या टीमने शिकवलं. आपल्या भागातल्या पोरांना जवळचा आयएसएल क्लब कोणता होता? एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये रँको पोपोविच यांच्या हाताखाली पुणे पहिल्यांदा सेमीफायनलला गेलं. बालेवाडीत बंगळुरूशी ०-०, मग तिकडे ३-१ ने हार, छेत्रीची हॅट्ट्रिक. पुढच्या हंगामात नवा कोच, मिगेल आन्हेल पोर्तुगाल. तीन मॅच झाल्या, एक बरोबरी, दोन हार, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये नारळ. तीन मॅच! मग काही काळ प्रद्युम रेड्डी, मग इंग्लंडचे फिल ब्राउन. टीम सावरली, सातवी आली. आम्ही म्हटलं चला, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष आलंच नाही. २०१९ मध्ये क्लबच बंद. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आली, फिल ब्राउन तिकडे गेले, आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनापण तिथून काढलं.

आम्ही वर्षभर कोच कोण असावा यावर भांडत होतो. क्लब राहणार का, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच नव्हता. माझ्याकडे आजही पुण्याची नारिंगी जर्सी आहे. शेतात जाताना घालतो. लोक विचारतात कोणती टीम, तर सांगायला टीम नाही.

अजून एक बाजू राहिली. कोचला काढलं की आपण म्हणतो निष्ठा नाही. पण कोचपण जातात, हंगाम अर्ध्यावर सोडून. डिसेंबर २०२१ मध्ये हुआन फेरांदो गोवा सोडून मोहन बागानला गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेस बकिंगहॅम मुंबई सोडून इंग्लंडला, ऑक्सफर्ड युनायटेडला गेले. मुंबईचे फॅन तेव्हा हबकले होते. आणि त्याच हंगामात, मे २०२४ ला, पीटर क्रॅट्की यांच्या हाताखाली मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला. तिकडे ऑक्सफर्डलापण बढती मिळाली. कधी कधी दोघांचंही भलं होतं!

आणि हा घ्या शेवटचा किस्सा. एप्रिल २०२३, ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला. तात्पुरता कोच कोण? क्लिफर्ड मिरांडा. पुढच्या हंगामाला ओडिशाने त्यांच्या जागी कोणाला आणलं? सर्जिओ लोबेरा! २०२० मध्ये एक गेला, दुसरा आला. २०२३ मध्ये तेच, फक्त उलटं. दादाला मी ही बातमी पाठवली, तर त्याने नुसते हसणारे इमोजी टाकले. दहा-बारा.

तर पुढच्या वेळी तुमच्या टीमच्या कोचला नारळ मिळाला, की पोस्ट टाकायच्या आधी तीन गोष्टी बघा. एक, टीम हरत होती की नुसती नशिबाने मार खात होती? दोन, नव्याला दिलेल्या खेळाडूंना तयार कोणी केलं? आणि तीन, क्लब चालवणारे याआधी किती वेळा असंच वागलेत? पोर्तुगाल गेले तेव्हा हा तिसरा प्रश्न मी विचारायला पाहिजे होता.

दादा आता गावाकडे आलाय. मोसंबीची बाग बघतो. मॅच असली की रात्री आमच्या ओट्यावर येतो, माझा मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतो, आणि पहिला प्रश्न तोच, "आज कोच कोण आहे रे?"

तुमच्या टीमने कोणाला काढलं तेव्हा तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. शिव्या कमी ठेवा, आई ऐकते हा पॉडकास्ट.

चला, ट्रॉली परत आली. भेटू!