शब्दच काढून घेतले तर मुली बोलणार कशा?

(किशोरवयीन मुलींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आजचं सत्र 'मुलींशी लैंगिकतेबद्दल कसं बोलायचं' या विषयावर आहे आणि मी हातात एक जपानी चित्रकथा घेऊन उभी आहे. तीही चांगलीच चावट! आमच्या वस्तीतल्या गटात कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीनं ती आणली. म्हणाली, "ताई, हे वाचा ना. यात सरकारनं सगळ्यांचं तोंडच बंद केलंय."

चित्रकथेचं नाव 'शिमोनेता', म्हणजे चावट विनोद. हिरोताका आकागी यांची या मालिकेतली पहिली कादंबरी २०१२ साली आली. पुढे तिच्यावरून चित्रकथा निघाली आणि २०१५ मध्ये बारा भागांची ॲनिमेशन मालिकाही झाली. गोष्ट अशी : जपानमध्ये सार्वजनिक नीतिमत्तेचा कायदा होतो. प्रत्येकाच्या गळ्यात आणि मनगटांवर एक यंत्र. तोंडून अश्लील शब्द निघाला किंवा हातानं तसली आकृती काढली, की यंत्र लगेच पोलिसांना कळवतं. या देशातली आयामे नावाची मुलगी चावट विनोद आणि चित्रं वाटण्यासाठी गुप्त टोळी चालवते. विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी शास्त्रज्ञाच्या जिद्दीनं मूल कसं होतं हे शोधतेय, कारण तिला ते कुणी सांगतच नाही. वाचताना मी हसले, हे कबूल करते.

पण हसू थांबलं ते आन्नापाशी. आन्ना विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष, कायद्याच्या सावलीत वाढलेली 'आदर्श' मुलगी. नायकाबद्दल तिच्या मनात ओढ जागी होते, तेव्हा शरीरात काय चाललंय याला तिच्याकडे नाव नाही. प्रेम पवित्र असतं एवढंच तिला शिकवलंय. म्हणून प्रेमापोटी आपण जे करू ते योग्यच, असं ती धरून चालते. तो नको म्हणतो, पळतो, आणि ती त्याच्यावर जबरदस्ती करते. 'नको' या शब्दाचा अर्थच तिला कुणी सांगितलेला नाही.

लेखकानं इथे फार मोठी गोष्ट हातात घेतली होती. पण कादंबऱ्यांची मालिका लांबलचक आणि चित्रकथा चार भागांत उरकलेली. पंगतीत वाढप्यानं धावत धावत वाढावं तसं होतं. एक विनोद घशाखाली उतरतो न उतरतो तोच दुसरा पानात पडतो. आन्नाची जबरदस्तीही मग विनोदांतला एक विनोद होते. त्या मुलाला काय वाटलं, तिला पुढे काय उमगलं, यासाठी थांबायला कुणाला वेळ नाही. बळजबरी मुलीनं केली म्हणून ती हसण्यावारी न्यायची का? मुलावर अत्याचार होऊच शकत नाही, ही समजूत आपल्याकडेही आहेच की.

आता खुद्द जपानकडे बघू. २०१० मध्ये टोकियोत चित्रकथांमधल्या लैंगिक चित्रणावर निर्बंध आणणारा प्रस्ताव आला. केइको ताकेमिया, माचिको सातोनाका यांच्यासारख्या ज्येष्ठ स्त्री-चित्रकारांनी त्याला विरोध केला. जूनमध्ये तो फेटाळला गेला आणि डिसेंबरमध्ये सुधारून मंजूर झाला. पुढे २०१४ साली मेगुमी इगाराशी या चित्रकथाकार स्त्रीला दोनदा अटक झाली. 'रोकुदेनाशिको' या नावानं ती काम करते. तिनं स्वतःच्या योनीच्या ठशावरून कलावस्तू आणि एक होडी बनवली आणि त्याची त्रिमिती संगणकीय माहिती लोकांना पाठवली होती. वस्तू मांडल्याच्या आरोपातून ती सुटली. माहिती पाठवल्याबद्दल २०१६ मध्ये चार लाख येन दंड झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्याच देशात कावासाकीला दरवर्षी लिंगाच्या भल्यामोठ्या प्रतिमांची मिरवणूक निघते. ती परंपरा! बाईनं आपल्या शरीराचं नाव स्वतः घेतलं, की ती मात्र अश्लीलता.

आपल्याकडे गळ्यात यंत्र बांधावं लागत नाही. तेरा वर्षांच्या एका मुलीबरोबर मी जबाबाला गेले होते. ती एवढंच म्हणत होती, "त्यानं तसलं केलं." समोरून तीनदा प्रश्न आला, "तसलं म्हणजे?" तिनं आईकडे पाहिलं, आईनं मान खाली घातली. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. मूल जसं बोलेल तसाच जबाब नोंदवा, असं तो सांगतो. पण मुलाकडे शब्दच नसतील तर? शेवटी कागदावर शरीराची बाह्यरेखा काढून दिली, तेव्हा तिनं बोट ठेवलं. तिची अब्रू जपायची म्हणून घरानं आणि शाळेनं जे शब्द तिला दिले नाहीत, नेमके तेच तिला त्या दिवशी हवे होते.

बीभत्स जाहिराती आणि पोस्टर यांविरुद्ध आपली चळवळ रस्त्यावर उतरली, १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही झाला. तो राग खोटा नव्हता, आजही नाही. पण 'यात बाईची किंवा मुलाची मानखंडना होते का' हा एक प्रश्न आणि 'हे ऐकून मोठ्यांना लाज वाटते का' हा दुसरा. बंदी मागताना आपण पहिला प्रश्न विचारतो, आणि बंदी घालणारे बहुतेक वेळा दुसऱ्याचंच उत्तर देतात.

ही चित्रकथा मी मुलींकडून काढून घेतली नाही. आम्ही ती एकत्र वाचली. आन्नाच्या प्रसंगापाशी थांबले आणि विचारलं, "इथं त्या मुलाला काय वाटलं असेल?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक हळूच म्हणाली, "ताई, तो नको म्हणत होता ना." त्या दिवसाचं सत्र तिथूनच सुरू झालं.

तेव्हा आज गटांत बसताना आधी एक काम करू या. शरीराच्या प्रत्येक अवयवाचं मराठी नाव, शिवी म्हणून नाही आणि संस्कृत पुस्तकीही नाही, असं आपल्यापैकी प्रत्येकीनं मोठ्यानं उच्चारायचं. आपली जीभ कुठं अडखळते ते पाहू. मुलींकडे जायचं ते त्यानंतर.