संशोधन कोठे रुजते?



एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली, एकाच वेतनश्रेणीत काम करणाऱ्या दोन विभागांपैकी एक सतत नवे ज्ञान देतो आणि दुसरा केवळ परीक्षांचे निकाल लावतो, असे का व्हावे? पैसा कमी पडतो, हे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग पाहा. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्यापासून त्याचा आरंभ झाला आणि १९२४ ते १९५९ अशी ३५ वर्षे गो. स. घुर्ये तेथे होते. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई ही माणसे त्यांच्या हाताखाली तयार झाली. घुर्ये मार्क्सवादी नव्हते. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील देसाईंचा मार्क्सवादी प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाला. आपल्याला न पटणारा विचार विद्यार्थ्याला शेवटापर्यंत मांडू देणे, हे भांडवल कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. (आपल्या चळवळीलाही ते नेहमी साधले आहे, असे नाही.)

त्याच विद्यापीठात १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला. १९६४ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या मनमोहन शर्मा यांना तेथे वयाच्या २७ व्या वर्षी प्राध्यापकपद मिळाले. ज्येष्ठतेच्या यादीवर बोट ठेवून नेमणूक झाली असती, तर त्यांना किती वर्षे थांबावे लागले असते? रघुनाथ माशेलकर त्यांचेच विद्यार्थी. या विभागाने कारखान्यांतील प्रश्न प्रयोगशाळेत आणले. कारखानदाराचा पैसा उद्या प्रश्नही ठरवू लागेल, हा धोका खराच. पण त्यावर उपाय सार्वजनिक निधी हा आहे, समाजापासून फटकून राहणे हा नव्हे.

दोन्हीकडे समान काय होते? योग्य वेळी निवडलेली माणसे, त्यांना मिळालेली दीर्घ स्थिरता आणि शिष्यांची अखंड परंपरा.

आज नेमके हेच मोडले जात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शिक्षकाच्या कामाला गुणांक लावले आणि लेखांची संख्या वाढली. प्रश्नांची खोली वाढली, असे कोणी म्हणणार नाही. इकडे कायम पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर शिकवून घेतले जाते. अशा शिक्षकाला वर्गातील तासाचा मोबदला मिळतो. ग्रंथालयातील तासाचा मिळत नाही. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांचा प्रश्न हाती घ्यावा कसा?

रिक्त पदे भरण्याची मागणी आपण आजवर रोजगाराचा प्रश्न म्हणून मांडली. मोर्चाच्या निवेदनात ती संशोधनाचा प्रश्न म्हणूनही लिहिली पाहिजे.