निर्वासितांचे हस्तकौशल्य : हात कोणाचे, नाव कोणाचे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



प्रारंभी एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही सभागृहाबाहेर एका ह्मोंग आजीबाईंना टेबल मांडू दिले होते. त्यांनी भरलेला कापडी पट आम्हांला आवडला. पण किंमत ऐकताच आमच्यातील मंडईची सवय जागी झाली आणि घासाघीस करून आम्ही तो निम्म्या किमतीत घेतला. आजीबाईंना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी नातीकडे पाहिले, नातीने मान हलविली, व्यवहार संपला. तो पट आज मंडळाच्या ग्रंथालयात टांगलेला आहे. त्यावर काय भरले आहे, हे आम्ही फार उशिरा नीट पाहिले.

वरच्या कोपऱ्यात डोंगर, भाताची शेते, कोंबड्या. त्याखाली विमाने आणि बंदुका घेतलेले सैनिक. मधोमध निळी रुंद नदी, आणि बांबूच्या मोळ्यांना धरून ती ओलांडणारी माणसे. नदी म्हणजे मेकाँग. ह्मोंग हे लाओसच्या डोंगराळ भागातील लोक. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने त्यांच्यातून गुपचूप सैन्य उभे केले. १९७५ मध्ये लाओसमध्ये सत्तापालट झाला आणि सूडाच्या भयाने हजारो कुटुंबे नदी ओलांडून थायलंडमध्ये आली. लोई प्रांतातील बान विनाई ही त्यांची मोठी छावणी १९९२ पर्यंत होती. तेथून मिनेसोटा, कॅलिफोर्निया, विस्कॉन्सिन अशी त्यांची वाट गेली. आज अमेरिकेत त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे.

या स्त्रियांच्या हाती एक जुनी विद्या होती. तिला ‘पान्दाउ’ म्हणतात, म्हणजे फुलांचे कापड. वरचे कापड बारीक कातरून, त्याच्या कडा आत मुडपून खालचा रंग उघडा करायचा आणि टाके असे घालायचे की ते दिसूच नयेत. मुलाला पाठीशी बांधण्याचे वस्त्र असो की मृताला नेसवायचे, त्यावर हे काम असे. नक्षी मात्र भूमितीची. माणसे, विमाने, नद्या त्यात नसत. चित्रांतून कथा सांगणारे पट हे छावणीचे अपत्य आहे. पुष्कळदा पुरुष रेखाटीत आणि स्त्रिया भरीत. परदेशी ग्राहकांच्या बैठकीच्या खोलीत शोभावेत म्हणून भडक लाल-गुलाबी रंग मागे पडून निळे, तपकिरी, फिकट रंग आले. पट अमेरिकेतील नातलगांकडे विक्रीस जात आणि पैसे छावणीत परत येत.

हे ‘अस्सल’ नव्हे, अशी नाके मुरडणारे रसिक आहेत. आम्हांला त्यांचे म्हणणे पटत नाही. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, तिने आपली साक्ष सुईने नोंदविली आणि तीच विकून मुलांना पोसले. घरी बसून, पोर मांडीवर घेऊन, परभाषेचा एक शब्दही न येता करता येईल असे काम नव्या देशात दुसरे कोणते होते?

पण बंधु-भगिनींनो, येथेच थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर नावाचा परगणा आहे. आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्यांसाठी (आपल्याकडे काही भागांत जिला वाकळ म्हणतात, तिच्याच जातकुळीतल्या) तो प्रसिद्ध आहे. पर्यटक त्या मोठी किंमत देऊन नेतात. १९८० च्या दशकापासून त्यांतील कापडावर कापड शिवण्याचे नाजूक काम पुष्कळसे ह्मोंग स्त्रियांनी केलेले आहे. गोधडी मात्र आमिश म्हणून विकली गेली. हात निर्वासितांचे चालले, नाव चालले नाही.

हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे आपले पूर्वज घरोघरी जाडेभरडे कापड विणीत. तरी मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी दाखवून दिले की, जन्मावरून ठरलेला धंदा कामाची वाटणी करून थांबत नाही, तो काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडतो.

म्हणून ‘वारसा’, ‘परंपरागत कारागिरी’ हे गोड शब्द ऐकले की आम्ही सावध होतो. या शब्दांनी आपल्याच माणसांना मेलेली ढोरे ओढायला लावली आहेत. निर्वासितांच्या कलेविषयी सहृदय मंडळी बोलतात तेव्हाही आमचे तीन प्रश्न असतात : किंमत कोण ठरवितो, नाव कोणाचे लागते, आणि मुलीला ही सुई खाली ठेवायची असेल तर ठेवता येते काय? तिसरा प्रश्न आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. लाओसमध्ये जन्मलेल्या आणि लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या मी मुआ वकील झाल्या आणि २००२ मध्ये मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आल्या. कोणी म्हणेल, एक कारागीर कमी झाली. म्हणू द्या.

आपण येथे निर्वासित म्हणून आलो नाही. पदव्या आणि व्हिसा घेऊन आलो, हा फरक विसरता कामा नये. टेबलाच्या ज्या बाजूला आज आपण उभे आहोत, ती खरेदी करणाऱ्याची बाजू आहे.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी. पुढील जयंतीला निर्वासित कारागिरांना टेबल द्यावे, भाडे घेऊ नये. किंमत त्यांनी लिहावी व कोणीही ती कमी करण्यास सांगू नये. प्रत्येक वस्तूवर करणारीचे नाव तिच्या भाषेत आणि इंग्रजीत असावे. व्यासपीठावरील भाषणांतून (आमच्यासारख्यांच्या लांबलचक भाषणांतून आधी) दहा मिनिटे कापून ती त्यांच्यापैकी एकीला दुभाष्यासह द्यावीत.

आणखी एक बाब. त्या आजीबाईंच्या नातीचा ठावठिकाणा आम्हांला लागला आहे. पटाची राहिलेली अर्धी रक्कम आम्ही घेणाऱ्यांनी वर्गणी करून जमा केली असून ती आज खजिनदारांकडे दिली आहे. आजीबाईंचे नाव कसे लिहावे हे नातीला विचारून घेऊ, आणि पटाखाली ‘ह्मोंग भरतकाम’ अशी जी चिठ्ठी आहे ती त्याच दिवशी बदलू.

जयभीम!